लाभार्थी : पुरुष, स्त्री, बालके

सरवदेबाईंचं नाव सगळ्यांत आधी लिहून ठेवतो. मागे एकदा संस्थेच्या स्मरणिकेत मी अर्धं पान लिहिलं होतं. त्यात बाईंचे आभार शेवटी मानले आणि जागा पुरेना म्हणून छापखान्याने नेमकं शेवटचंच कापलं. पुढचे आठ दिवस मी बाईंच्या समोरून जायचं टाळलं. मागच्या दाराने यायचो, मागच्या दाराने जायचो. तर सरवदेबाई. आमच्या संस्थेच्या प्रबंधक, मूळच्या आष्टी तालुक्यातल्या, लाल पेन्सिलवाल्या. आता संपादकांना जागा कमी पडली तर त्यांनी खालचं काय वाटेल ते कापावं.

मी सातवी शिकलेला माणूस. आणि माझी सगळी नोकरी गेली ती पदवीधर लोकांना 'तुमचे कागद अपुरे आहेत' असं सांगण्यात. हे वाचून कुणाला हसू आलं तर हसावं. मला त्या काळात हसू येत नव्हतं.

आमची संस्था चौसाळ्याच्या पुढे, हायवेला लागून आहे. सोसायट्यांचे सचिव, दूध संस्थांचे लोक, नगरपालिकेतले कारकून, ग्रामसेवक अशांसाठी तिथे एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो : सार्वजनिक व्यवस्थापन पदव्युत्तर पदविका. एवढं लांब नाव कुणी घेत नाही. सगळे 'डिप्लोमा' म्हणतात. मी मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण नाव घेत आलो. आपलं शिक्षण कमी असलं की माणूस दुसऱ्याच्या शिक्षणाचं नाव अर्धवट घेत नाही.

मी सिंधुदुर्गातला, खाडीकाठचा. सातवीनंतर शाळा सोडून वडिलांबरोबर होडीवर जायला लागलो. पण मला समुद्र लागायचा. कोळंबीपेक्षा जास्त वेळ मीच जाळ्यावर पडलेला असे. दहा वर्षं असं करून शेवटी वडील म्हणाले, जिथे पाणी नाही असं गाव बघ. मामा संस्थेच्या खानावळीत आचारी होता. त्याने बोलावलं आणि मी खरंच जिथे पाणी नाही तिथे येऊन पोचलो.

पहिल्याच दिवशी खानावळीत भांडी विसळून मी सवयीने बादलीतलं पाणी गटारात ओतलं. मागे वळून बघतो तर खानावळीतले पाचही जण हातातलं काम सोडून उभे राहिलेले, घरातलं कुणी गेल्यासारखे. ते विसळलेलं पाणी आधी फरशीला, मग झाडाला, मग म्हशीला असं तीन ठिकाणी जायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मामाने मला बाजूला घेतलं. "आज इतकंच केलंस ते बरं," तो म्हणाला. "उद्या आंघोळ करू नकोस म्हणजे फिटेल."

आता खिडकीत कसा गेलो ते सांगतो. डिप्लोमाच्या प्रवेशाला बारा कागद लागतात. अर्ज, पदवीचं प्रमाणपत्र, तिन्ही वर्षांची गुणपत्रकं, कॉलेज सोडल्याचा दाखला, विद्यापीठ दुसरं असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, दोन वर्षं जबाबदारीचं काम केल्याचा अनुभवाचा दाखला, नोकरी असेल तिथलं ना हरकत पत्र, दोन जबाबदार माणसांची शिफारस, शिक्षणात मध्ये खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, चार फोटो, आणि 'मला हा अभ्यासक्रम का करायचा आहे' यावर स्वतःच्या अक्षरात एक पान. खिडकीवरचा कारकून दिवसभर ही यादी ओरडून सांगायचा. मी एव्हाना खानावळीतून शिपाई झालो होतो, चहा घेऊन त्याच्या मागे उभा असायचो. सहा महिन्यांत ती यादी मला अशी पाठ झाली की चहा गाळताना मी ती चालीवर म्हणायचो.

एके दिवशी तो कारकून न सांगता गैरहजर राहिला. बाहेर रांग, ऊन, आणि आतमध्ये कुणी नाही. लोक खिडकीवर थापा मारायला लागले. मी घाबरून खिडकी उघडली आणि सुचेना म्हणून चालीवर यादीच म्हणायला सुरुवात केली. स्थलांतर प्रमाणपत्रापर्यंत पोचेपर्यंत रांगेतल्या दोन ग्रामसेवकांनी मागून धरायला सुरुवात केली होती. चार फोटोंपाशी तर सगळी रांग टाळ्या वाजवत होती. बाई त्यांच्या खोलीतून बाहेर आल्या. मला वाटलं, संपलं.

"कावून रे कोकण, भजन लावलंय का?"

"नाही बाई. कारकून आलेला नाही."

"पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटली. बाईंनी बोटं मोजली. बारा भरले.

"उद्यापासून तूच बस इथं."

"बाई, मी सातवी आहे. या खिडकीला दहावी लागते, नियमात लिहिलंय."

"नियम मीच वाचून दाखवलाय तुला, विसरलास का? कागदावर तू शिपाईच हायस. खिडकीत बसायला सांगितलंय, खुर्चीवर नाव लिहायला न्हाई." मग जाताना थांबून म्हणाल्या, "अन् दहावीला बस. सतरा नंबरचा फॉर्म असतो, बाहेरून बसणाऱ्यांचा. मी आणते."

मी आईला पत्र लिहिलं की मला खिडकीत बसायचं काम मिळालं. शेजारणीकडून लिहवून घेतलेलं तिचं उत्तर आलं, "खिडकेत बसान पगार गावता? मगे तुजो बापूस रोज सांजेक खळ्यात बसता, तेका कोण कित्याक देणा नाय?" खळं म्हणजे आमच्याकडे अंगण.

खिडकीचं काम बाहेरून सोपं दिसतं. कागद मोजायचे, मूळ प्रत आणि झेरॉक्स शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवायची, अधिकाऱ्याचा सहीशिक्का बघायचा, बरोबर असेल तर कोपऱ्यात खूण करायची. माझी खूण हिरव्या पेनाची. मग फाईल बाईंकडे. त्यांच्या लाल पेन्सिलीचं काम फक्त चूक दाखवायचं. मी हिरवं केलेलं बाईंनी लाल केलं की त्या दिवशी मला जेवण जायचं नाही. म्हणून मी प्रत्येक कागद तीनदा बघायचो. कुलूपही तीनदा ओढून बघायचो, तो वेगळा विषय.

पण माणसं! एका मुख्याध्यापकांनी स्वतःच्याच पदवीच्या झेरॉक्सवर 'मूळ प्रतीवरून पडताळून पाहिले' असं लिहून स्वतःच सही ठोकली होती. मी भीत भीत म्हटलं, सर, हे दुसऱ्याने बघायला हवं. ते म्हणाले, "अरे, माझी डिग्री माझ्याइतकी कुणी बघितली आहे का?" एका दूध संस्थेचे चेअरमन जीपमधून येऊन म्हणाले, मला परीक्षा-बिरीक्षा नको, वर्ग नको, तुमचा वेळ कशाला घ्यायचा, फक्त डिप्लोमा द्या. एक जण तर माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "तुमचं स्वतःचं शिक्षण किती?" माझ्या तोंडातून निघून गेलं, "नियमानुसार." तो वरमला. मी संडासात जाऊन पाच मिनिटं उभा राहिलो.

सगळ्यांत वाचनीय असायचं ते बारावं पान. मला हा अभ्यासक्रम का करायचा आहे. लोक 'राष्ट्राच्या उभारणीसाठी' वगैरे लिहायचे. बाई त्यावरून पेन्सिल न थांबवता पुढे जायच्या. एका उन्हाळ्यात नगरपालिकेतल्या एका कारकुनाने एवढंच लिहिलं, 'वसतिगृहाच्या बोअरला पाणी आहे असे समजते.' मी तो अर्ज परत करणार होतो. बाईंनी तो पुन्हा वाचला, आणि माझ्या देखत पहिल्यांदाच एका अर्जाकडे बघून त्या हसल्या. "खरं लिहिलंय ना? राहू दे." तो माणूस वर्षभर रोज दोनदा आंघोळ करून वर्गात बसला आणि पहिला आला.

आता त्या वर्षाचं सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

लागोपाठ दुसरा दुष्काळ. पहिल्या दुष्काळात लोक शिकायला आले, दुसऱ्यात येईनात. कारण ना हरकत पत्र. ज्याच्या त्याच्या साहेबाने माणसं टँकरवर आणि छावणीवर लावलेली, सोडणार कोण? आणि अभ्यासक्रमाची अट अशी की किमान वीस प्रवेश हवेत, नाहीतर त्या वर्षी डिप्लोमा बंद. बंद म्हणजे खिडकी बंद. खिडकी बंद म्हणजे मी परत खानावळीत. आणि विद्यार्थीच नाहीत तर खानावळ तरी कशाला? म्हणजे परत होडी. मला रात्री अंथरुणात समुद्र लागायला लागला.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीस फाईली झाल्या होत्या. मी दर अर्ध्या तासाने मोजत होतो. फाईली मोजल्याने वाढत नाहीत, हे मला तेव्हा नीट कळलं. आणि चारच्या सुमारास अंकुश आला.

अंकुश तासाभराच्या वाटेवरच्या एका गावातल्या दूध संस्थेचा सचिव. बी. ए. झालेला, उंच, घाईत असलेला, केसात उसाच्या शेंड्याचं पान, वाढं म्हणतात ते, अडकलेलं. बाराच्या बारा कागद. ना हरकत पत्रसुद्धा! त्याचे चेअरमन म्हणे म्हणाले, दुधाची संस्था आणि दूधच नाही, तर तुला धरून काय करू.

मी अनुभवाचा दाखला काढला. त्यात होतं : दुष्काळ निवारण छावणीचे दोन वर्षे संपूर्ण व्यवस्थापन. निवास, आहार, पाणी व आरोग्य. एकूण लाभार्थी सहाशे चाळीस. खाली आमच्याच नमुन्यातले तीन रकाने होते : पुरुष दोनशे दहा, स्त्री तीनशे नव्वद, बालके चाळीस.

मी खाडीकाठचा माणूस. माणसांची छावणी असते एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या कसली छावणी असते, हे मला कुठून ठाऊक असणार?

"वा," मी म्हटलं, "महिला जास्त आहेत. चांगलं आहे. याला वजन मिळतं."

"वजन सध्या न्हाई साहेब," अंकुश उसासा टाकून म्हणाला, "खायला मिळंना त्येंना, बरगड्या दिसतेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिथल्या तिथे हिरवी खूण केली. त्या दिवशी तीनदा नाही बघितलं, एकदाच बघितलं. आणि वेळ संपायला आली म्हणून बाईंनी वीसही फाईलींवर एकदम सह्या केल्या. माझ्या हिरव्या खुणेवर त्यांचा विश्वास होता.

पंधरा दिवसांनी तपासणीला पुण्याहून साहेब आले. गोल टोपी, आणि स्वतःच्या पाण्याचा डबा. ते एका वेळी डब्याच्या झाकणात येईल एवढंच पाणी प्यायचे आणि झाकण घट्ट लावून डबा मांडीवर घ्यायचे. त्यांनी पाच फाईली निवडल्या आणि त्या उमेदवारांना बोलावणं धाडलं. पाचवी अंकुशची.

मी दाराशी उभा होतो. बाई साहेबांच्या शेजारी. अंकुश सरळ छावणीवरून आलेला.

"छान काम आहे तुमचं," साहेब म्हणाले. "सहाशे चाळीस लाभार्थी. स्त्रियांचं प्रमाण विशेष चांगलं आहे."

"व्हय साहेब. घरोघरी त्याच जास्ती असतेत. दुधासाठी."

साहेबांनी मान हलवली. बायका दुधासाठी लेकरं घेऊन येत असतील, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं. बाईंची पेन्सिल मात्र हवेत थांबली.

"आणि पुरुष? त्यांना काही रोजगार वगैरे?"

"काय रोजगार देणार साहेब, पेरणीच न्हाई. बांधून ठिवलेत."

"बांधून?"

"मंग? मोकळं सोडलं की एकमेकांला मारत्यात."

साहेबांनी झाकणात पाणी ओतलं. "हे जरा... बरं, सहाशे चाळीस हा आकडा कायम असतो?"

"आज सहाशे एकेचाळीस. पहाटं एक जन्मलं."

"छावणीत? दवाखान्यात का नाही नेलं?"

"कावून न्यायचं साहेब? आपसूक झालं. आईनं चाटून पुसून घेतलं, घटकाभरात पायावर उभं."

झाकण साहेबांच्या ओठापाशी थांबलं. बाईंनी डोळे मिटले.

"म्हणजे ही," साहेब शब्द शोधत म्हणाले, "जनावरं आहेत?"

"मंग काय माणसं बांधीन का साहेब मी?" अंकुश खरंच दुखावला होता.

"पण तुम्ही पुरुष, स्त्री, बालके लिहिलंय!"

"रकाने तेवढेच हुते साहेब. बैल लिहायला जागाच न्हवती. मंग म्हटलं बैल पुरुषात घालू, गायी-म्हशी स्त्रीत, वासरं बालकांत. आकडा बराबर हाय, कवाबी मोजा."

साहेबांनी फाईल उचलली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "छाननी कुणी केली? ही हिरवी खूण कुणाची आहे?"

हिरवं पेन माझ्या खिशाला होतं. मी त्यावर हात ठेवला. तो हात मला इतका मोठा कधी वाटला नव्हता. या खिडकीत सातवी शिकलेला शिपाई बसतो हे कळलं असतं तर अंकुशचीच काय, वीसही फाईली उघडल्या असत्या. मी एक पाऊल पुढे टाकलं. टाकलं हे मी शपथेवर सांगतो. तोंडही उघडलं.

"माझी," बाई म्हणाल्या.

"तुमची? तुमची तर लाल पेन्सिल आहे."

"लाल चूक दाखवायला, साहेब. हिरवी पास करायला." बाई प्रमाण मराठी बोलायला लागल्या की त्या चिडल्या आहेत किंवा खोटं बोलत आहेत, एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी दोन्ही होतं.

साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी अजून एक पाय पुढे आणि तोंड उघडं असाच उभा.

"तुम्ही कोण?"

"मी चहा, साहेब," मी म्हणालो. माझ्या हातात चहा नव्हता.

"मग जा की," बाई म्हणाल्या, "घेऊन ये."

चहा घेऊन आलो तेव्हा बाई प्रवेशाची नियमावली मोठ्याने वाचत होत्या. "'शासकीय, निमशासकीय अथवा सहकारी संस्थेत किमान दोन वर्षे जबाबदारीचे व्यवस्थापन.' संस्था सहकारी आहे. वर्षं दोन आहेत. व्यवस्थापन आहे. लाभार्थी माणूसच असावा असं कुठे लिहिलं आहे, ते दाखवा."

साहेबांनी नियमावली घेतली. पुढून मागे वाचली, मागून पुढे वाचली. नव्हतं लिहिलेलं. ज्यांनी नियम केले त्यांना सुचलंच नव्हतं.

"अहो, पण सार्वजनिक व्यवस्थापन आहे हे!" साहेब म्हणाले. "जनावरांची कसली आली गाऱ्हाणी?"

"जनावरांची न्हाईत साहेब," अंकुश म्हणाला. "एका जनावरामागं एक मालक हाय. घरदार सोडून तिथंच ऱ्हातेत समदे. जनावरं गप असतेत. चला, बघा एकदा."

गेलो. जीपमध्ये पुढे साहेब आणि पाण्याचा डबा, मागे बाई, अंकुश, आणि चहाचा थर्मास मांडीवर घेतलेला मी. मला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण मी चहा होतो, त्यामुळे ओघाने आलो.

उघड्या माळावर हिरव्या जाळीखाली रांगाच रांगा. प्रत्येक कानात बिल्ला. काट्यावर चाऱ्याचं वजन चाललेलं, टँकरपाशी गलका. आणि जिकडे बघावं तिकडे माणसं : बाजेवर, गोणपाटावर, म्हशीच्या पाठीला टेकून. साहेब उतरले आणि सवयीने जिथे रांग दिसली तिथे पाहणी करायला गेले. एका म्हातारीने त्यांचा शर्ट मागून ओढला.

"ओ टोपीवाले, मागं व्हा. आमी सकाळधरनं हुबा हाव. तुमचं कोणतं?"

"काय कोणतं?"

"जनावर ओ. बिल्ला दावा."

"माझं जनावर नाही. मी पुण्याहून आलो आहे."

"मंग चारा कुणाला न्यायचाय?" म्हातारीने त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं. "सोताला?"

रांग हसली. बाईंनी पदर तोंडाला लावला. साहेब अधिकारी माणूस, ते सावरून म्हणाले, "आजी, तुमची काही तक्रार आहे का?"

हे विचारायला नको होतं. म्हातारीची म्हैस ज्या खुंट्याला होती त्याच्या शेजारी एक बैल. तो बैल आपला चारा संपला की मान लांब करून म्हशीचा खायचा. बैलाचा मालक म्हणत होता, तुझी म्हैसच खाणं टाकते, मग वाया घालवायचं का? दोघंही साहेबांच्या दोन बाजूंनी बोलायला लागले.

"असं करा," साहेब म्हणाले, "लेखी अर्ज द्या."

"कुणी, मी का म्हशीनं?" म्हातारी म्हणाली.

साहेबांनी म्हैस दुसरीकडे बांधा म्हटलं. म्हातारी म्हणाली, तिकडं तिला करमत नाही, तिची मैतरीण ह्या रांगेत आहे. साहेबांनी मग बैल हलवा म्हटलं. मालक म्हणाला, हलवा, पण सावली सोडणार नाही. साहेबांनी दहा मिनिटं प्रयत्न केला. शेवटी म्हैस, बैल, म्हातारी, मालक सगळे पहिल्या जागीच होते आणि साहेबांच्या बुटावर वाढं पडलं होतं.

अंकुश आला. आधी त्याने दोन्ही खुंटे बघितले. मग म्हातारीला म्हणाला, "मावशे, तुजी म्हैस अन् तिची मैतरीण दोगींला टाकीपाशी नेतो. पाणी लांबून वढायचं वाचंल तुजं." मैत्रिणीच्या मालकाला म्हणाला, "काका, तुमाला टाकीवरची जाळी दुहेरी करून देतो, लई गार." आणि बैलवाल्याकडे वळून म्हणाला, "अन् दादा, तुमी हितंच ऱ्हावा. पर शेजारी आता पाटलाचा मारका खोंड येतोय. त्याचा चारा खाऊन दाखवा म्हनावं बैलाला." एवढ्यात कासरे सुटलेसुद्धा. तीन माणसं, दोन म्हशी, एक बैल, सगळं मार्गी. वेळ लागला तो म्हातारीला साहेबांना पुन्हा एकदा रांगेतून बाहेर काढायला, तेवढाच.

"साहेब," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "हा आपला तिसरा पेपर आहे. तक्रार निवारण."

साहेबांनी डबा उघडला, झाकणात पाणी ओतलं, आणि आधी म्हातारीपुढे धरलं. तिने झाकणाकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढुशानं काय व्हतंय? टाकीवर चला, लोटाभर देते तुमाला." साहेब गेले. लोटाभर प्यायले.

जीपच्या टपावर फाईल ठेवून त्यांनी तिथेच शेरा लिहिला : 'अनुभव ग्राह्य. लाभार्थी : मानवी व इतर.' वीस प्रवेश कायम. पुढच्या वर्षीपासून आमच्या नमुन्यात चौथा रकाना आला, 'इतर'. तो अजूनही आहे. त्यात लोक काय काय भरतात, तो वेगळा लेख होईल.

मला वाटलं, सुटलो. पण महिन्याभराने बाईंच्या नावाने एक कागद आला. छाननीत हलगर्जी केल्याबद्दल ताकीद, सेवापुस्तकात नोंद. बाईंची मोठ्या केंद्रावर बढती होणार होती. त्या नोंदीमुळे ती मागे पडली. दोन वर्षं. मी तो कागद फाईलला लावताना वाचला आणि तसाच बाईंच्या खोलीत गेलो.

"बाई, मी साहेबांना पत्र लिहितो. खूण माझी होती."

"कावून? लई हौस आली का?"

"तुमची दोन वर्षं गेली माझ्यामुळं."

बाईंनी कागद घेतला, त्यावर शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल केल्या आणि परत दिला. "मी बी बघितली न्हवती ती फाईल. सही माझी हाय ना? आन् तू गेल्यावर यादी कोण म्हणणार, मामा?" मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "फेडायचंच असंल तर एक दिवस खिडकीच्या त्या बाजूला हुबा ऱ्हा. पदवी घेऊन. बारा कागद. मी तपासणार. एक बी लाल खूण निघता कामा न्हाई."

तीनदा बसून मी दहावी झालो. बारावी एकदा, ती कशी झालो मलाच कळलं नाही. बाई त्यांची अडकलेली बढती घेऊन गेल्या, निवृत्त झाल्या, आष्टीला स्वतःच्या घरी राहतात. अंकुश मोठ्या दूध संघात मोठ्या जागेवर आहे. अजून भेटला की मला साहेब म्हणतो आणि मी अजून इकडेतिकडे बघतो. खिडकीतून मीही निवृत्त झालो. गावी परत गेलो नाही. तिकडे पाणी फार आहे.

पदवीचे सगळे पेपर सुटलेत, एक सोडून. तो सार्वजनिक प्रशासनाचा आहे. दोनदा गेला. लोकांना पस्तीस वर्षं जी गोष्ट कशी करायची ते सांगितलं, तीच लिहिताना मी दर ओळ तीनदा वाचतो आणि वेळ संपतो. पण या खेपेला बसलोय. बाकीचे कागद तयार आहेत. कॉलेजात कधी गेलोच नाही, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला गावाहून आणलाय. शाळा सोडल्याचं कारण म्हणून गुरुजींनी 'समुद्र' लिहिलंय. खंडाचं प्रतिज्ञापत्र केलंय. त्यात खंड इतका मोठा आहे की वकिलाने पुन्हा पुन्हा विचारलं. फोटो चार. एका शिफारशीवर अंकुशची सही आहे. दुसरी शिफारस बाईंची घेणार नाही, तपासणाऱ्याने शिफारस करायची नसते, एवढा नियम मला कळतो. बारावं पानही लिहून ठेवलंय. त्यात राष्ट्राची उभारणी नाही. एकच ओळ आहे, आणि त्यात बाईंचं नाव पहिलं आहे.

हा अंक मी स्वतः आष्टीला नेऊन देणार आहे. पण अंक म्हणजे फेड नव्हे. बाई, निकाल लागला की त्याच आठवड्यात फाईल घेऊन दारात उभा राहतो. पेन्सिलीला टोक करून ठेवा.